नोझुए बंधूंचं सातवं बेट

आमच्या गल्लीत दोन नोझुए. थोरले नोझुए, म्हणजे कुनियासु, यांनी चाळीस वर्षं तोयामात बस चालवली. धाकटे नोझुए, म्हणजे ताकामित्सु, छत्तीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचत होते. दोघं सख्खे भाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक हात रुंदीचा बोळ. आणि दोघं एकमेकांशी एकोणतीस वर्षं चकार शब्द बोललेले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. मीही हसले होते. पुढे त्या अबोल्याची हमाली माझ्याच गळ्यात पडली, तेव्हा हसू आटलं.

मी फुसाए. दोघांच्या समोरचं कामाबोकोचं, म्हणजे माशाच्या वाफवलेल्या वड्यांचं दुकान आमचं. नवरा वड्या करतो, मी बोलते. दुकान असं दोघांनी मिळून चालवलंय. मी मूळची ओसाकाची. आमच्याकडे माणूस शिंकला की चार दुकानांपलीकडून विचारपूस होते. इथे लग्न होऊन आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी गल्ली मला अजून ‘ओसाकाच्या बाई’च म्हणते, आणि ते कौतुकाने नव्हे. इथली माणसं बर्फासारखी. हळू पडतात, आवाज करत नाहीत, आणि सकाळी बघावं तर दार उघडत नाही.

तर हमाली म्हणजे काय, ते सांगते. गल्लीच्या मंडळाची एक फिरती पाटी असते. कचरा कोणत्या वारी, नाल्याची सफाई कधी, असलं सगळं तिच्यावर लावलेलं. घराघराने वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. आमच्या पाटीच्या क्रमात धाकट्यांनंतर थोरले. क्रम बदलायचा तर सभा घ्यावी लागते, सभेत कारण सांगावं लागतं, आणि कारण सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते सांगणार कोण? म्हणून धाकटे रस्ता ओलांडून पाटी माझ्या गल्ल्यावर ठेवायचे, मी तोच रस्ता उलटा ओलांडून थोरल्यांना द्यायचे. महिन्यातून दोनदा, एकोणतीस वर्षं. मी एकदा हिशेब केला होता, पण रक्तदाब वाढला म्हणून सोडून दिला.

आता कारण. १९९० साली ‘तेनोहिरा’ नावाचा एक हातात मावणारा व्हिडिओ गेम निघाला होता. फारसा खपला नाही, काढणारी कंपनी दोन वर्षांत बुडाली. या दोन भावांनी, एक पंचेचाळीस वर्षांचा आणि एक एक्केचाळीस वर्षांचा, अर्धे अर्धे पैसे घालून तो घेतला आणि एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे असा वाटून खेळायला लागले. कॅसेट एकच. तिच्यात आपण एका बोटीचे कप्तान. सहा बेटांमध्ये संत्री, पत्रं आणि अधूनमधून एखादी नवरी पोहोचवायची.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी नोझुएंकडे सगळं गोत जमलं होतं. नव्या वर्षाच्या लाल-पांढऱ्या वड्या पोहोचवायला मी गेले, तर ‘बसा, बसा’ म्हणून बसवलं. मधोमध ओदेनचं पातेलं रटरटत होतं, मुळा, अंडी, वड्या सगळं आत. तेवढ्यात थोरले हातातल्या तेनोहिराकडे बघत म्हणाले, “मला सातवं बेट दिसलं.”

सगळ्यांनी वाडगे खाली ठेवले. माणूस रोज बस चालवतो, त्याचं सगळ्यांनी कौतुकाने ऐकावं अशी वेळ रोज येत नाही.

“कुठे?” धाकट्यांनी विचारलं.

“वायव्येला. धुक्यात. फार वेळ सरळ गेलं की लागतं.”

“डब्यावर सहा लिहिलंय, दादा.”

“लिहिणाऱ्याला दिसलं नसेल.”

“दाखव.”

“आत्ता कसं दाखवू? तीन तास लागतात जायला.”

“म्हणजे नाही दिसलं.”

“मी खोटं बोलतोय?”

आता अशा वेळी कोणताही शहाणा माणूस ‘तसं नव्हे’ म्हणतो आणि अंडं खातो. पण हा माणूस मीटरमधला शेवटचा आकडाही सोडत नाही. अकरा नातेवाइकांसमोर सत्तर वर्षांच्या आईच्या शेजारी बसून धाकटे म्हणाले, “हो.”

मग दोघं एकदम उठले आणि तेनोहिरा ओदेनमध्ये पडला. कोणाच्या कोपराने, यावर घराण्यात दोन मतं आहेत. मी डोळ्यांनी पाहिलंय, पण मला आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून मी सांगितलेलं नाही. भांडण एवढं पेटलं की पंधरा मिनिटं पातेल्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका काकांना चष्म्याशिवाय दिसत नसे, त्यांनी तो वाडग्यात घेऊन त्याला मोहरीची चटणी लावली, तेव्हा कुठे लक्षात आलं. यंत्र शिजून मेलं. कॅसेट धुऊन वाळवली तर जगली, पण थोरल्यांचा प्रवास तिच्यातून पुसला गेला. सातव्या बेटाचा पुरावा असा मुळ्याबरोबर गेला, आणि भाऊ बोलायचे थांबले.

पुढे आई गेली, तेव्हाही दोघं शेजारी बसून पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होते, एकमेकांना मात्र माझ्यामार्फत विचारत होते, “चहा किती जणांचा?”

धाकटे निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सहासष्टाव्या वर्षी एक दिवस वाचनालयातून अकरा पुस्तकं छातीशी धरून चालले होते. मी हाक मारली.

“काय हो, आता परीक्षा देताय की काय?”

“फुसाए-सान, मी तेनोहिरा संगणकात उभा करणार आहे.”

“उभा म्हणजे?”

“संगणक तेनोहिराचं सोंग घेईल. त्याला एम्युलेटर म्हणतात. कॅसेटला कळता कामा नये की आपण दुसरीकडे आहोत.”

“म्हणजे कॅसेटला फसवायचं.”

“फसवायचं नाही,” ते दुखावले. “तिचा मान राखायचा.”

“जुन्या बाजारात एखादा जुना तेनोहिरा मिळेल की. कशाला एवढी यातायात?”

“त्यात बेट दिसलं नाही, तर दादा म्हणेल यंत्रच बिघडलेलं होतं. मला प्रत्येक पायरी माझ्या हाताने तपासायची आहे. तपासल्याशिवाय मी बोलत नाही.”

इतकी वर्षं न बोलण्याचं हे कारण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कपाळावर हात मारून मी त्यांना दोन वड्या बांधून दिल्या.

नोकरीत होते तसेच ते कामाला लागले. सकाळी साडेआठला पाणी खात्याची टोपी घालून संगणकापुढे बसायचं, बाराला पाऊण तास जेवण, सव्वापाचला टोपी काढायची. तेनोहिराच्या मेंदूला दोनशे चव्वेचाळीस हुकूम कळायचे म्हणे. हा आकडा उचल, तिथे ठेव, त्यात हा मिळव, असले. प्रत्येक हुकमाचं धाकट्यांनी एक कार्ड केलं होतं, आणि तो हुकूम संगणकाला शिकवून झाला की कार्डावर ‘तपासले’ असा शिक्का. एकेका हुकमाला कधी एक दिवस लागे, कधी आठ. संध्याकाळी दुकानात बातमी यायची.

“आज वजाबाकी आली.”

“अभिनंदन. वड्या किती?”

“दोन. आणि आकडा डावीकडे सरकायला लागला.”

ही बातमी मी आत नवऱ्याला सांगितली. वर्षाला चारशे शब्द बोलणारा माणूस, हातातली सुरी थांबवून म्हणाला, “आणि उजवीकडे?”

“ते गुरुवारी,” धाकटे बाहेरून म्हणाले.

तीन वर्षांनी दोनशे चव्वेचाळीस शिक्के झाले. त्यांनी कॅसेट लावली. संगणकातून ‘टुंग’ असा एक आवाज आला आणि पडदा काळा. तो काळाच राहिला. चौदा महिने! रोज साडेआठला ‘टुंग’, आणि मग सव्वापाचपर्यंत एक माणूस काळ्या पडद्याकडे बघतोय. सगळे हुकूम बरोबर होते. यंत्र बंद पडलं नव्हतं, आतून काहीतरी अखंड करत होतं. पण काय, ते कळत नव्हतं.

त्यात सप्टेंबरात फिरत्या पाटीवर सूचना आली. नोझुए कुनियासु हे ऑक्टोबरअखेर साप्पोरोला मुलीकडे कायमचे राहायला जात आहेत, त्यांची नालेसफाईची पाळी पुढच्या घराकडे जाईल. थोरल्यांचे गुडघे गेले होते, घर विकलं होतं. धाकट्यांनी सूचना वाचून शिक्का मारला आणि पाटी माझ्या गल्ल्यावर आणली. शिक्का वाकडा पडला होता. त्यांचा वाकडा शिक्का मी कधी पाहिला नव्हता.

“सहा आठवडे राहिले, फुसाए-सान.”

“मग जा आणि बोला ना! दहा पावलं आहेत.”

“काय बोलू? अजून तपासलेलं नाही.”

“अहो, साप्पोरो म्हणजे काय शेजार आहे? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गेला की गेला. तुमचं बेट घेऊन काय चाटायचंय?”

ते टोपी नीट करून निघून गेले. पण पुढच्या पाटीवर, कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली, त्यांच्या मीटरसारख्या अक्षरात एक चिठ्ठी होती. ‘यंत्र अडले आहे. ते कुठे अडते हे पाहण्यासाठी माणसांनी यंत्र व्हावे अशी विनंती. रविवारी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात. प्रत्येक घरातून एक व्यक्ती. बसायला उशी आणावी.’

दुसऱ्या गावात असल्या चिठ्ठीवर लोक हसले असते. आमच्या गल्लीत चौदाच्या चौदा शिक्के पडले. मंडळाचं काम म्हणजे मंडळाचं काम. रविवारी थोरलेसुद्धा आले. आपली उशी घेऊन, काठी टेकत, धाकट्यांकडे न बघता.

अध्यक्षा होरिकावा-सान या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांनी शिट्टी वाजवून चिठ्ठ्या काढल्या आणि कामं वाटली. दाराशी चपला ठेवायचं कपाट होतं, ती यंत्राची स्मृती. प्रत्येक खणात एकेक कागद. तामाकी-सान यांच्या हातात एक फलक, पडदा रंगून झाला की त्यावर एक, नाहीतर शून्य. चौघींकडे गो खेळाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. त्यांनी चटईवर पहिलं चित्र मांडायचं, तो पडदा. माझ्या नवऱ्याला ताटांची चळत दिली. वर ठेवायचं आणि वरूनच काढायचं, त्याला फार आवडलं. धाकटे स्वतः मेंदू. आणि ‘पडद्याची घंटा’ ही चिठ्ठी निघाली थोरल्यांची. सोंगट्या मांडून झाल्या की त्यांनी आत येऊन ‘झालं’ म्हणायचं, मगच फलक उलटायचा. तेवढंच काम. गुडघेदुखीच्या माणसाला बरंच.

धाकट्यांनी नियम वाचून दाखवले, संगणकाला घालून दिले होते तेच. तिसरा नियम असा होता: ‘काम चालू असताना कोणी मध्ये बोलू नये. दाराशी थांबावे. काम संपल्यावर बोलावले की आत यावे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. यात चुकीचं काय होतं? आमच्या गल्लीत माणसं अशीच वागतात.

शिट्टी वाजली. ताटं वर-खाली झाली, कागद या खणातून त्या खणात गेले. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. आमच्या घरातून नवरा होता, त्यामुळे यंत्रात मला जागा नव्हती. थोड्या वेळाने सोंगट्यांचा आवाज थांबला आणि धाकट्यांचा एकच आवाज येत राहिला.

“तामाकी-सान, पडदा झाला का?”

“अजून शून्य आहे हो.”

“मग पुन्हा विचारतो. पडदा झाला का?”

“शून्यच आहे.”

“मग पुन्हा विचारतो.”

चहा झाला. निवला. मी पुन्हा गरम केला. “पडदा झाला का?” चालूच. चाळीस मिनिटांनी मी डोकावून पाहिलं. चटईवर बोट, लाटा, सगळं चित्र कधीच मांडून झालेलं. मांडणाऱ्या चौघी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. कागदाच्या सरकत्या दाराबाहेर काठी टेकून उभ्या माणसाची सावली. आत धाकटे घामाघूम होऊन तोच प्रश्न विचारताहेत. खोलीत बारा माणसं, बाराही जणांना सावली दिसतेय, आणि बोलत कोणी नाही!

माझं डोकं फिरलं.

“अहो, झालंय ना! चित्र मांडून झालं, माणूस दारात तिष्ठतोय, आणि तुम्ही कसलं झालं का, झालं का करताय?”

“फुसाए-सान,” होरिकावा-सान हळूच म्हणाल्या, “काम चालू आहे.”

“कसलं काम? एकच प्रश्न चाळीस मिनिटं!”

“मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे.”

“तो यंत्रातल्या माणसांना. मी यंत्रात नाही, मी चहात आहे!”

मी दार सरकवलं. थोरले टोपी हातात घेऊन उभे होते, सगळा भार काठीवर.

“आत या की!”

“मला बोलावलेलं नाही.”

“बोलावणारा तुमचीच वाट बघतोय!”

“काम संपलं की बोलावतील.”

“तुम्ही आत आल्याशिवाय त्याचं काम संपणार नाही, आणि काम संपल्याशिवाय तो तुम्हाला बोलावणार नाही! असेच मरा दोघंही!” असं म्हणून मी त्यांची बाही धरली आणि ओढत चटईपर्यंत नेलं. “म्हणा आता.”

थोरल्यांनी छताकडे पाहिलं. घसा साफ केला.

“झालं.”

तामाकी-सान यांनी फलक उलटला. एक.

“पडदा झाला का?” धाकट्यांनी विचारलं. आवाज फाटला होता.

“हो हो, झाला!”

आणि एकदम सगळं पुढे सरकलं. ताटं, कागद, खण, धडाधड. नवऱ्याने तर आनंदाने एक ताट जास्तच ठेवलं. धाकटे मात्र हातातला कागद खाली ठेवून तसेच बसले. “मीच त्याला दाराशी थांबवून ठेवलं होतं,” ते म्हणाले. चौदा महिने काळा पडदा होता तो एवढ्यासाठी. त्यांनी संगणकाला आपल्यासारखं सभ्य केलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरले आपली उशी उचलून घरी गेले.

सोमवारी धाकट्यांनी तिसरा नियम खोडून नवा लिहिला: ‘दाराशी कोणी आल्यास हातातले काम तसेच ठेवून आधी त्याला आत घ्यावे.’ संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी ते माझ्या दुकानात धावत आले, आणि पायांत घरातल्या सपाता! होरिकावा-सान यांनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. “बोट आली,” ते धापा टाकत म्हणाले. “फुसाए-सान, बोट हलते. आणि पाणीसुद्धा.”

पुढचे दहा दिवस त्यांनी बोट चालवली. वायव्येला तीन तास, चार तास, नऊ तास. मग कॅसेटच उघडून वाचायला घेतली. अकराव्या दिवशी पाटी घेऊन आले.

“कॅसेटमध्ये बत्तीस हजार सातशे अडुसष्ट घरं आहेत. सगळी उघडून पाहिली. एकही घर सोडलं नाही.”

“मग?”

“बेटं सहाच आहेत.”

“म्हणजे तुम्ही जिंकलात की!”

ते गल्ल्यावरच्या वड्यांकडे बघत राहिले. “मला वाटायचं, हे कळलं की बरं वाटेल. एकोणतीस वर्षं वाटायचं.”

“आणि?”

“नाही वाटत. फार वाईट वाटतंय.”

  एवढी तपश्चर्या केली ती भावाला खोटारडा ठरवायला, आणि आता ते कागदावर शिक्क्यासकट तयार होतं. अकरा दिवसांनी भाऊ जाणार. हा कागद त्याच्या हातात देऊन त्याला गाडीत बसवायचं? मला त्या माणसाची अशी कीव आली की मी वड्यांचे पैसे घ्यायलाच विसरले.

जाता जाता ते वळले. “त्या दिवशी तुम्ही होतात. दादाने बेटाबद्दल आणखी काय काय सांगितलं होतं? मी रागात होतो, मला आठवत नाही.”

“एक दीपगृह म्हणाले होते. एक वाकडं झाड. आणि काठीवर वाळत घातलेले माकुल.”

“किती माकुल?”

“मी काय मोजायला बसले होते?”

त्यांनी वही काढून लिहिलं, ‘माकुल: संख्या अज्ञात.’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस काय करणार आहे.  पुढचा आठवडाभर त्यांच्या खिडकीतून बाराला टोपी दिसायची. जेवणाची सुट्टी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सोडली होती.

ऑक्टोबरच्या तीस तारखेला थोरले निरोपाला निघाले. गल्ली सोडताना घरोघर एकेक टॉवेल द्यायचा, ‘आजवर सांभाळून घेतलंत’ म्हणायचं, ही इथली रीत. अकरा घरं झाली, बारावं आमचं. त्यांनी गल्ल्यावर दोन टॉवेल ठेवले.

“हा तुमचा. आणि हा त्याला द्या.”

“नाही देणार.”

“वाटेवर तर आहे.”

“तुमच्याही वाटेवर आहे. पाटी नेली मी एकोणतीस वर्षं. टॉवेल नेणार नाही. मीही आता म्हातारी झाले.”

थोरल्यांनी माझा टॉवेल माझ्याकडे सरकवला. मग दुसरा टॉवेल उचलला आणि काठी टेकत रस्ता ओलांडू लागले. मी ताटात चार वड्या घेतल्या आणि मागोमाग गेले. कोणाला विचारून गेले म्हणाल, तर नाही. मला बघायचं होतं.

घंटी वाजायच्या आत दार उघडलं. धाकट्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला.

“आत ये, दादा.”

“बूट काढायला वेळ लागतो मला. गुडघे.”

धाकटे खाली बसले आणि त्यांनी भावाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट जोडीने, तोंडं दाराकडे करून ठेवले. मी ताट धरून त्यांच्या मागोमाग आत शिरले, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आत पडद्यावर समुद्र होता. साडेआठपासून धाकटे बोट चालवत बसले होते, आता साडेअकरा वाजले होते. त्यांनी बटणांची पेटी भावाच्या हातात दिली. “धर. सरळ जा.”

थोरल्यांनी बटण दाबलं. त्यांचा अंगठा बसच्या हॉर्नवर ठेवावा तसा जड पडत होता. धुकं आलं. बोट धुक्यात गेली. आणि समोर बेट लागलं. दीपगृह पाण्याच्या मीटरसारखं दिसत होतं, कारण धाकट्यांच्या हाताला दुसरं काही काढायची सवय नाही. वाकडं झाड जरा जास्तच वाकडं होतं. काठीवर माकुल वाळत होते. या वेळी मी मोजले, अकरा होते.

धाकट्यांनी टोपी काढली, चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

“दादा, मी चुकलो. तू खरं बोलत होतास. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. मला माफ कर.”

मला वाटलं, थोरले आता फुगतील. एकोणतीस वर्षांचं व्याज वसूल करतील. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षं बिनतिकिटाचे प्रवासी पकडलेला माणूस स्वतः बिनतिकिटाचा सापडावा तसा चेहरा. तेव्हा मला कळलं की यांनी ते बेट कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या रात्री सगळे ऐकताहेत म्हणून ठोकून दिलं होतं, आणि मग मागे फिरायला जागाच राहिली नव्हती. समोर जे बेट होतं ते कोणी बांधलं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असणार.

त्यांनी बोट बेटाभोवती एकदा फिरवली. मग दुसऱ्यांदा. धाकट्यांचं कपाळ चटईवरच होतं. 

“बंदर चुकलंय,” थोरले म्हणाले.

धाकट्यांनी मान वर केली. “काय?”

“बंदर इथे नव्हतं. पश्चिमेला होतं. आणि माकुल एवढे नव्हते.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  मग धाकट्यांनी पाणी खात्याची टोपी डोक्यावर घातली आणि खिशातून वही-पेन्सिल काढली.

“किती होते?”

“थांब,” थोरले म्हणाले, आणि उशी ओढून त्यांच्या शेजारी बसले. “आठवून सांगतो.”